उन्हातलं मॅचिंग

बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या, चौकातून कापडाच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला नीलकंठराव भालेरावांचं मॅचिंग सेंटर लागतं. दुकान केवढं, तर दोन बायका आत आल्या की तिसरीने बाहेर थांबायचं. तिन्ही भिंतींना ब्लाउजपिसांचे गठ्ठे, अस्तरं, फॉल आणि परकर, आणि पुढे एक दगडी ओटा. या ओट्यावर सकाळी अकरापासून ऊन पडतं. नीलकंठरावांचा सगळा धंदा या उन्हाच्या भरवशावर चालायचा.

बाईने साडी आणली की ते आधी साडीकडे बघायचे, मग बाईकडे, मग पुन्हा साडीकडे. कोणाचं लग्न, कुठल्या गावी, साडी माहेरची की सासरची, हे सगळं विचारून व्हायचं. मग मान न वळवता हात मागे करून गठ्ठ्यातून एक पीस ओढायचे, ओट्यावर जायचे आणि साडीचा पदर व पीस शेजारी शेजारी उन्हात धरायचे. "बघा," एवढंच म्हणायचे. बाई बघायची, मान डोलवायची आणि पीस घेऊन जायची. एकतीस वर्षांत दुसरा पीस काढायची वेळ आपल्यावर आली नाही असं ते सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत.

ट्यूबलाइटखाली रंग जुळवणं त्यांना पाप वाटायचं. गाव हिंदी मुलखातलं, तेव्हा दुकानावर हिंदीत पाटीच होती, की सूर्यास्तानंतर मॅचिंग होणार नाही. आता सगळा बाजार संध्याकाळी फुलतो, बायका संध्याकाळी निघतात, आणि नेमक्या त्याच वेळी हे गृहस्थ हुक आणि सुईदोऱ्यापलीकडे काही विकायला तयार नसत. ज्याला घाई असेल त्याने दुसरीकडे जावं, असं ते अगदी आदराने सुचवत. त्यांच्या बायकोने, विनताने, लग्नानंतर दोन वर्षं यावर वाद घातला होता. पुढे तिने वाद घालणं सोडलं आणि दुपारी दीड ते चार दुकानात बसायला सुरुवात केली. त्या वेळात नीलकंठराव चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी जाऊन जेवत आणि झोपत.

अलीकडे मात्र त्यांच्या मते जगातली सचोटी फारच घसरली होती. धोबी पांढरे सदरे पिवळट करून आणत होता. दूधवाला म्हशीचं सांगून गाईचं दूध घालत होता, आणि नीलकंठरावांनी त्याला रंगावरून पकडून दारातच झापलं होतं. रंगाऱ्याने घराच्या भिंती पांढऱ्या सांगून बदामी केल्या होत्या. एकूण काय, रंगाची कदर असलेला माणूस गावात एकच उरला होता.

त्याचा पुरावाही त्यांच्यापाशी होता. वैशाखात नागपूरला भाच्याच्या मुंजीत विनता निळी माहेश्वरी नेसली होती आणि त्यावर नीलकंठरावांनी स्वतः निवडून दिलेल्या कापडाचा ब्लाउज. कार्यालयात जी बाई भेटेल तिची नजर आधी साडीवर, मग ब्लाउजवर जायची आणि तिथेच अडकायची. नीलकंठरावांनी हे दुरून पाहिलं आणि त्या दिवशी पंगतीत दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नवरात्रात अनुपम सेठ दुकानात आला. हा त्यांचा शाळेतला मित्र. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचं साड्यांचं चार मजली शोरूम उभं राहत होतं. त्याने ओट्यावर बसकण मारली आणि सरळ मुद्द्यावर आला. शोरूमच्या तळघरात मॅचिंगचा विभाग करायचा आहे, तो नीलकंठने सांभाळावा. थंडगार हवा, गादीची खुर्ची, हाताखाली दोन मुली. नाही म्हणालास तरी विभाग होणारच आहे, फक्त तिथे दुसरं कोणी बसेल. म्हणजे नाही म्हटलं तर आपलं दुकान वर्षभरात ओस पडणार, हे न सांगताही कळण्यासारखं होतं. शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं.

जाताना त्याने चार पानांचा एक फॉर्म ठेवला. सेठच्या मुलाने इंदूरहून एक सल्लागार आणला होता, आणि विभाग सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा फॉर्म भरायचा असा त्याचा नियम होता. आपली मूल्यं कोणती, आपण हा धंदा का करतो, आपल्याला सकाळी उठवतं ते काय, वगैरे. नीलकंठरावांना सकाळी दूधवाला उठवायचा, पण तेवढ्याने पान भरण्यासारखं नव्हतं.

उत्तर त्यांनी मनात ठरवून टाकलंच होतं. तळघरात ऊन येत नाही, सबब आम्ही येत नाही. हे वाक्य त्यांनी स्कूटरवर घरी जाताना दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. फॉर्म भरायचा तो एवढ्याचसाठी, की अनुपमला कळावं तो कोणत्या माणसाला मुकतोय.

संध्याकाळी फॉर्म घेऊन मुलगी समोर बसली. यशश्री कॉलेजात कॉमर्स शिकवायची. मराठी तिला सगळी कळायची, बोलताना मात्र दर चार शब्दांनी ती हिंदीत उडी मारायची. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता, पण तो पाच वेळा विचारायचा होता. उत्तर आलं की पुन्हा का, त्याच्या उत्तरावर पुन्हा का.

"चलो बाबा, पहिला काहून. तुम्ही उन्हातच काहून मॅचिंग करता?"

"उन्हात रंग खरा दिसतो."

"अच्छा. खरा रंगच काहून पाहिजे?"

गिऱ्हाईक फसू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. गिऱ्हाईक फसलं तर आपलं काय जातं, या तिसऱ्यावर म्हणाले, नाव जातं. नाव कशासाठी हवं, हा चौथा. इथे ते जरा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, की सगळ्या फुहाऱ्यात असा डोळा दुसऱ्या कोणाचा नाही, हे लोकांना माहीत असायला नको का. यशश्रीने लिहिता लिहिता मान वर केली.

"और बाबा, डोळाच नसता तर? मग दुकान काहून चालवलं असतं?"

हा काही प्रश्न नव्हे, असं नीलकंठराव म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात विनता मेथी निवडत बसली होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. पाचव्या काहूनची जागा रिकामी राहिली. मूल्यांच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात सचोटी असं लिहायला लावलं आणि त्याखाली दोन रेघा मारायला लावल्या.

तिसऱ्या पानावर एक काम दिलं होतं. एक दिवस आपल्या दुकानाकडे परक्या माणसासारखं रस्त्यापलीकडून बघा आणि काय दिसलं ते लिहा. नीलकंठरावांना ही कल्पना आवडली. आपण नसताना गिऱ्हाइकं कशी हिरमुसून परत जातात, हे आयतं लिहायला मिळणार होतं.

गुरुवारी दीड वाजता विनता आली, तिने किल्ल्या घेतल्या, आणि नीलकंठराव रोजच्यासारखे स्कूटर काढून निघाले. फुहाऱ्याला एक फेरी मारून, गाडी मागच्या गल्लीत लावून, ते समोरच्या तुळशीरामच्या बटणांच्या दुकानात मागच्या दाराने शिरले. लेसच्या रिळांआडून आपलं दुकान छान दिसत होतं. तुळशीराम त्यांचा वीस वर्षांचा शेजारी, पण आज तो कासावीस झाला. चहा मागवतो म्हणाला, मग चहा नको तर पान खाऊ या म्हणाला, मग म्हणाला, "भाऊ, घरी जा ना. चांगली झोप काहून मोडून राहिले?"

दोनच्या सुमाराला एक बाई आली. नीलकंठरावांनी तिला ओळखलं. सकाळीच तिला राखाडी रंगाचा पीस दिला होता, मुलीच्या डोहाळजेवणासाठी. तिने पिशवीतून साडीसकट तोच पीस काढून विनतापुढे ठेवला. विनताने काही विचारलं नाही. तो पीस गठ्ठ्यात सरकवला, दुसरा काढला, बाईला दिला. बाई गेली. सगळा कारभार दोन मिनिटांत उरकला. मग दुसरी आली. मग सकाळी रामपूरहून आलेल्या दोघी जावा आल्या. त्या दिवशी सकाळी सहा बायका येऊन गेल्या होत्या, त्यातल्या चार पावणेतीनपर्यंत पुन्हा येऊन पीस बदलून गेल्या.

नीलकंठराव रिळांआडून पुढे वाकले. उन्हात धरून, पारखून दिलेलं कापड ही बाई काढून घेते आणि भलतंच गळ्यात मारते. म्हणजे दुकानाचं नाव मातीत घालते. आणि कशासाठी? तर नवऱ्याने थंड हवेच्या तळघरात जाऊन बसावं म्हणून. अनुपमशी हिचं काही ठरलंय की काय इथवर त्यांचा विचार गेला. एकतीस वर्षांच्या संसारात माणूस ओळखता येत नाही, असं काहीसं ते पुटपुटले. तुळशीरामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बटणं मोजू लागला.

तेवढ्यात बेबीताई आली. बेबीताई त्यांची चेरीतालची शेजारीण, मूळची अमरावतीकडची. आवाज असा, की ती गल्लीत दिराशी बोलली तरी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने मागे वळून बघावं. तिनेही सकाळी नेलेला पीस काढून ठेवला, आणि नीलकंठरावांचा धीर सुटला. लेसचं एक रीळ पायात अडकलेलं तसंच ओढत ते रस्ता ओलांडून दुकानात शिरले. विनताने त्यांच्याकडे पाहिलं, मग पायातल्या लेसकडे पाहिलं आणि हातातला पीस खाली ठेवला.

त्यांनी बेबीताईची साडी आणि दोन्ही पीस उचलले. ओट्याच्या कडेला अजून हातभर ऊन शिल्लक होतं. त्यात त्यांनी साडीच्या एका बाजूला आपला पीस धरला, दुसऱ्या बाजूला विनताचा. दोन्ही त्यांना जवळजवळ सारखेच दिसले, त्यातल्या त्यात आपला जरा जास्तच बरोबर.

"बघा," ते म्हणाले.

"भाऊ, साडी निळी आहे," बेबीताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला होता. "तुमचा पीस हिरवा आहे जी."

नीलकंठराव हसले. त्यांनी तुळशीरामला हाक मारली. तुळशीरामने आभाळाकडे पाहिलं, आपल्या दुकानाकडे पाहिलं, आणि शेवटी कापडाकडे बघून हिरवाच आहे असं कबूल केलं. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला हरा. सायकलवरून जाणारा एक माणूस न उतरताच हरा म्हणाला. शाळेतून परतणाऱ्या एका पोरीने इंग्रजीत ग्रीन सांगितलं, म्हणजे कुठलीच भाषा त्यांच्या बाजूने उरली नाही. ऊन तर तेच होतं, एकतीस वर्षं ज्याच्या जिवावर दुकान चाललं ते. त्याच उन्हात सगळ्या जगाला हिरवं दिसत होतं आणि त्यांना निळं.

ते ओट्यावर बसले. सगळ्यात आधी त्यांना दूधवाला आठवला. मग धोबी, मग रंगारी.

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. विनता म्हणाली, मागच्या दिवाळीपासून. मग सांगितलं काहून नाही, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरचं नाव दोनदा काढलं होतं, दोन्ही वेळा तुम्ही मलाच चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला सांगितलं. हे खरं होतं. तिने एकदा बदलूनही घेतला होता.

राहिलं ते बेबीताईला विचारायचं. पीस चुकीचा मिळणार हे माहीत असताना या बायका सकाळी येतात कशाला? सरळ दुपारी काहून येत नाहीत?

बेबीताईने पदराने मान पुसली. "सकाळी तुमच्याकडे बोलायला येतो न भाऊ. कोणाचं लग्न, साडी कोणी दिली, सासू काय म्हणाली, सगळं विचारता तुम्ही. घरी कोण विचारते? कापडाचं काय, ते दुपारी ताईकडून नेतो."

नीलकंठरावांना राग आला, आणि रागावायला कोणी सापडेना. मग लाज वाटली. अकरा महिने सगळी गल्ली, सगळं चेरीताल आपल्याला सांभाळून घेत होतं, आणि आपण दारात उभं राहून दूधवाल्याला सचोटी शिकवत होतो. त्या लाजेखाली कुठेतरी त्यांना बरंही वाटलं. बायका डोळ्यासाठी येत नव्हत्या, तरी येत होत्या. असं बरं वाटल्याचीही त्यांना लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि तोही चांगला पिकलेला. दसऱ्यानंतर एकेक करून काढू म्हणाले. घरी येऊन नीलकंठरावांनी फॉर्म मागून घेतला. सचोटीवर काट मारली. त्याजागी काय लिहायचं ते मात्र सुचलं नाही. तळघरात ऊन येत नाही, हे वाक्यही आता तोंडात बसेना. ऊन असून त्यांचं काय भलं झालं होतं? नाही म्हणायला त्यांच्यापाशी कारणच उरलं नव्हतं, आणि होय म्हणावं तर आंधळ्या माणसाला रंगांपुढे बसवल्याचं पाप अनुपमच्या माथी.

शनिवारी ते शोरूमवर गेले आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. डोळे गेलेत, अकरा महिने चुकीचे पीस देतोय, तुला दुसरा माणूस बघावा लागेल.

अनुपम गावच्या चालीने मित्राला बड्डे म्हणत हसला. "मालूम है, बड्डे. अम्मा के तीन पीस बदलवा चुका हूँ."

मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. रंगासाठी तो त्यांना बोलावतच नव्हता. रंग जुळवायला कॉम्प्युटर येणार होता, साडी त्याच्यापुढे धरली की तो नंबर सांगणार. नीलकंठने फक्त खुर्चीत बसायचं, बायकांशी बोलायचं, लग्नाची विचारपूस करायची. बायका तुझ्यापाशी तासभर थांबतात, तेवढ्यात दोन साड्या जास्त जातील.

हे ऐकून नीलकंठराव चांगलेच डगमगले. आपल्याला नेमकं जे करायला आवडतं तेवढंच करायचं, आणि वर गादीची खुर्ची. यशश्रीचा पाचवा काहून त्यांना आठवला. डोळा नसता तर दुकान काहून चालवलं असतं? अकरा महिने डोळा नव्हताच, आणि दुकान तर चाललं होतं. कोणी चालवलं? सकाळी ते बोलत होते आणि दुपारी विनता निस्तरत होती. निम्मं दुकान तिचं होतं आणि तिने ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

"विनता की कुर्सी कहाँ लगेगी?" त्यांनी विचारलं.

भाभींना कशाला त्रास, असं अनुपम म्हणाला. त्यांचं काम कॉम्प्युटर करेल.

"तो फिर रहने दे," नीलकंठराव म्हणाले आणि उठले. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही तत्त्व न सांगता नकार दिला होता. फॉर्म द्यायचा राहूनच गेला.

दसऱ्यानंतर आठवड्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी ते दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून आभाळाकडेच बघत राहिले, इतके, की रिक्षावालाही वर बघू लागला. घरच्या भिंती पांढऱ्या होत्या. सदरे पांढरे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याची दारात माफी मागितली. तो इतका घाबरला, की पुढचे चार दिवस त्याने खरोखरच चांगलं दूध घातलं.

दुपारी शाल शोधायला म्हणून त्यांनी विनताचं कपाट उघडलं. समोरच हँगरला मुंजीतली माहेश्वरी होती. निळी, अगदी त्या आभाळासारखी निळी. आणि तिच्यावर अडकवलेला ब्लाउज हिरवागार होता. नुसता हिरवट नव्हे, भरल्या शेतासारखा हिरवा. नागपूरचं ते कार्यालय त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. साडीवरून ब्लाउजवर जाऊन अडकणाऱ्या त्या सगळ्या नजरा आल्या, आणि त्यांनी खाल्लेल्या दोन जिलब्याही आल्या.

विनता मागे येऊन उभी राहिली.

"साऱ्या चेरीतालचे बदलून दिले," ते म्हणाले. "स्वतःचा काहून नाही बदलला? बदलला असता तरी मला कळलं नसतं."

"मला तर कळलं असतं ना," विनता म्हणाली. "इतके खूश होऊन दिला होता तुम्ही."

नीलकंठरावांनी साडी आणि ब्लाउज हँगरसकट काढला, गॅलरीत नेला आणि उन्हात धरला. कशाचा कशाशी मेळ नव्हता.

"पाडव्याला हीच नेस," ते म्हणाले.

"आणि लोकं पाहतील ते?"

"पाहू दे. कोणी विचारलं तर सांग, मॅचिंग भालेरावांचं आहे."